भागीरथाबाईंनी तपासलेला कोड

हर्षा डाखोळे चौदा वर्षांपासून जे काम करतात, ते पडद्यावर कधी दिसत नाही. दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे, निरोप पोचला नाही तर किती वेळाने पुन्हा पाठवावा, असले नियम त्या कोडमध्ये लिहितात. राउटर बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत सहा वर्षे काढून त्या नागपूरला परतल्या. नोकरी मनीषनगरातल्या घरूनच चालते. उरलेला वेळ एका ओपन सोर्स प्रकल्पाला. तिथला कोड कोणीही फुकट वापरावा, दुरुस्ती सुचवावी. ती घ्यायची की नाही, हे फिनलंडमधले युहानी नावाचे गृहस्थ ठरवतात.

हाच कोड हर्षाबाईंनी कळमेश्वरजवळच्या घरच्या संत्राबागेत, विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये घातला. शेजारच्या तेरा शेतकऱ्यांनीही तो घेतला. फोनवरचे बटण दाबले की मोटर सुरू, पुन्हा दाबले की बंद. या जानेवारीत बागांना पाणी सुरू झाले आणि मोटरी मधेच आपोआप बंद पडू लागल्या.

कारण हर्षाबाईंना सापडले. शेतात नेटवर्क इतके मंद, की निरोपाची पोच चार-चार मिनिटांनी येई. तोवर फोन तोच निरोप पुन्हा पाठवी. स्टार्टर पहिला निरोप विसरलेला असे. तो दुसऱ्याला नवा समजून मोटर बंद करी. दुरुस्ती अकरा ओळींची होती. पण ती मूळ कोडमध्ये गेली नाही, तर प्रत्येक नव्या आवृत्तीत ती पुसली जाणार आणि चौदा विहिरी फिरून पुन्हा घालणे आले. शिवाय आजवर त्यांच्या किरकोळच दुरुस्त्या घेतल्या गेल्या होत्या. ही पहिली मोठी होती.

युहानींचे उत्तर आले: आमच्याकडे असे होत नाही. शुक्रवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

बुधवारी हर्षाबाई नागपुरात बटण दाबत राहिल्या. मोटर कधी सुरू, कधी बंद, हे वडील रुपराव विहिरीवर बसून वहीत लिहिणार होते. संध्याकाळी त्यांनी फोनवर वही वाचून दाखवली, तर तिच्यात एकही बिघाड नव्हता.

"बाबा, एकदाही बंद नाही पडली?"

"पडली ना. सात डाव पडली. मीच उठून चालू केली."

"काहून?"

"पाणी अर्ध्याच झाडाईले पोचलं, अन् मी काय घड्याळ पाहत बसू?"

"मले ते बंद पडलेलंच पाहिजे होतं!"

"इंजिनिअर झाली वं तू, अन् मोटर बंद पाडून राहिली."

गुरुवारी वही आई भागीरथाबाईंनी घेतली आणि त्या स्टार्टरच्या पेटीला पाठ लावून बसल्या. रुपराव दोनदा जवळ आले.

"अवं, दहाच मिनटं..."

"हात लावसान तं आज भाकर नाही भेटत. गुमान बसा."

चाळीस वेळा बटण दाबले. नऊ वेळा मोटर आपोआप बंद पडली. नऊही वेळा मिनिटासकट वहीत होत्या. हर्षाबाईंनी पानांचे फोटो पाठवले, मराठी आकडे कसे वाचायचे तेही लिहिले. शुक्रवारी दुपारी दुरुस्ती मंजूर झाली. ज्याने चाचणी केली त्याचे नावही कोडच्या नोंदीत कायमचे राहते, अशी या प्रकल्पाची रीत आहे. हर्षाबाईंच्या नावाखाली ओळ आली: चाचणी, भागीरथा डाखोळे, कळमेश्वर.

"अन् मी?" रुपरावांनी विचारले. "मीही एक दिवस बसलो ना?"

"तुमचं नाव टाकलं असतं, तं दुरुस्तीच नामंजूर झाली असती," हर्षाबाई म्हणाल्या.

रुपराव दोन दिवस फुगून होते. तिसऱ्या दिवशी नवा कोड घेऊन तेच लेकीसोबत शेजारच्या विहिरींवर फिरले आणि प्रत्येकाला सांगत गेले, "लावून घे गा बिनधास्त. आमच्या मंडळीनं पास केला आहे."