मागचा पाय

वाटेअज्जाने घातलेल्या वाट्यांत खोट काढायची आमच्या गावात कुणाची टाप नव्हती. कुळगीच्या रानात शिकारीत डुक्कर पडलं की पानं पसरून तो नुसत्या नजरेने सारखे वाटे घाली. हाकारे घालणाऱ्याला जेवढा, तेवढाच घरी बसलेल्या विधवेलाही. स्वतःचा सगळ्यांत शेवटी उचली. कुणी कुरकुर केली तर म्हणे, "वाटा बारका न्हाई, तुझं त्वांड मोठं हाय."

फक्त मागचा एक पाय वेगळा निघे. तो वतनदाराचा, शिकार कुणीही करो. पुढे सागवान तोडायला कंत्राटदार आला, रोख मजुरी देऊ लागला, आणि वतनदाराची वेठ सोडून आम्ही सगळे तोडीवर गेलो. आता आपण कुणाचे मिंधे नाही, असं मीच सर्वांत मोठ्याने सांगत फिरत होतो. त्या वर्षी पहिलं डुक्कर पडलं आणि आम्ही शहाण्यांनी मागचा पाय कंत्राटदाराच्या तळावर नेऊन दिला. बिचाऱ्याने मागितलाही नव्हता. अज्जा एवढंच म्हणाला, "चुकलासा."

पुढच्या वर्षी डुक्कर पडायच्या आधीच कंत्राटदाराचा मुकादम टोपली घेऊन हजर. "मालकांचा पाय काढून ठेवा."

"जमीनवाला गेला, पैशावाला आला. हे असंच चालायचं," मी पुटपुटलो.

अज्जा माझ्यावरच उखडला. "आपसूक न्हाई चालत. आपुन चालवतोय!" मग मुकादमाकडे वळला. "मालकास्नी सांगा, रानात या, हाका घाला, सगळ्यांएवढा वाटा घ्या. पाय मिळायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी तोडीवर मुकादमाने सगळ्यांची नावं पुकारली, अज्जाचं सोडून. अज्जाने कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि घरची वाट धरली. एकेक करून आम्ही त्याच्या मागे निघालो. पहिला मी उठलो असं लिहायला आवडलं असतं, पण मी सातवा होतो. त्याची लाज अजून वाटते.

चार दिवस लाकूड जागचं हललं नाही. पाचव्या दिवशी निरोप आला. पाय नको, सगळ्यांनी कामावर यावं, म्हातारा तेवढा नको. आम्ही अडून बसलो, तर अज्जानेच आम्हाला हाकललं. "पायासाठी उठलासा न्हवं? त्यो सुटला. जावा आता. माझी नाचणी हाय मला."

तो पुन्हा कधी तोडीवर आला नाही. तीन पावसाळ्यांनी गेला.

मालक बदलला तरी मालकी तशीच राहते, असं हल्ली शिकलेले लोक मला समजावतात. मी वाद घालत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येऊन बसतो खरा, पण त्याला पाट मांडून देणारे हात कुणाचे असतात, ते मला पक्कं ठाऊक आहे. माझेच होते.