शेवंताबाईंचा पासवर्ड

मंडळी, आज नरसीत मोबाईलच्या दुकानात गेलो होतो. माझ्या पुढे तांड्यावरच्या शेवंताबाई उभ्या होत्या. त्यांचा फोन भरला होता, पण होळीला गायलेल्या लेंगी गाण्यांचे व्हिडिओ पुसायचे नव्हते. दुकान चालवणाऱ्या सुनीताताईंनी ते क्लाउडवर ठेवायला घेतले.

नवा पासवर्ड ठेवायची वेळ आली तशा बाई म्हणाल्या, "तूच टाक माय. मला कुठं कळून राहिलं?"

"आकडे येतात ना तुमाला? मग तुमीच टाका. मला बी सांगायचा न्हाई."

ताईंनी आम्हा सगळ्या गिऱ्हाइकांना बाहेर काढलं आणि स्वतः पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

बाई बाहेर आल्यावर मी सहज विचारलं, "काय ठेवला मग पासवर्ड?"

"तुला काहून सांगू?"

लई बरं वाटलं ऐकून. तुमच्या आईचा पासवर्ड कोणी ठेवलाय, तिनं का तुमी?