वाघदेवाकडे राहिलेली डावी झडप

गोंदियाहून गाडीत बसलो तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात दोन पुड्या होत्या. एकीत फुटाणे, दुसरीत तुरीच्या दाण्याएवढ्या समुद्री शिंपल्याची डावी झडप, म्हणजे अर्धे कवच. उजवी झडप डबीत होती. कोकणातून आणलेल्या शिंपल्यांतली एवढी एकच जोडी शाबूत राहिली होती.

हा शिंपला वेगळ्या प्रजातीचा (सारख्या जातींच्या गटाचा) आहे, असे मी कॉलेजात ठासून सांगितले होते. कामठ्याच्या आमच्या शेतकरी घरातला मी पहिला पदवीधर. मागे हटणार कसा? प्राध्यापक म्हणाले होते, "दोन्ही झडपा जिथे जुळतात त्या बिजागरीचे दात दाखवा, नाहीतर संग्रहालयातली नोकरीची जागा सोडा." ते सुट्टीसाठी दरेकशाच्या डाकबंगल्यात उतरले होते आणि उद्या विलायतेला निघणार होते.

दरेकशाला उतरलो. बंगल्याची वाट दाट जंगलातून. लाकडे तोडायला निघालेल्या सुकवारोबाई सोबतीला आल्या. बांबूच्या बेटाशी दगडांचा ढीग लागला. तिथे वाघाने माणूस नेला होता.

"वाघदेवाले काही द्या जी. रिकाम्या हातानं पुढं जात नाही."

मी दगडासाठी वाकलो.

"इथला नोका उचलू! तो त्याचा होय. मागच्या वाटेवरूनच आणा लागते. काऊन, कालेजात नाही शिकवलं?"

तेवढ्यात बांबूत पाचोळा वाजला. खिशातून फुटाण्यांची पुडी काढून ढिगावर ठेवली आणि झपाझप निघालो.

बंगल्यावर प्राध्यापकांसमोर उरलेली पुडी उघडली. फुटाणे निघाले.

सुकवारोबाईंना हात जोडून पुन्हा सोबतीला घेतले आणि तसाच मागे फिरलो.

"दिलेलं परत नेत नाही, बाबू. नेलं का तो मागं मागं येते."

"नेत नाही. नुसते पाहतो."

"मंग बिगी पाहा."

ढिगापुढे पालथा पडलो. पुडी होती तिथेच उलगडली, भिंग लावले आणि चित्र काढू लागलो. दोन दात, मध्ये खोल खाच, मागचा दात दुभंगलेला. मी म्हणत होतो तसाच! एवढ्यात वरच्या झाडावर, वाघ दिसला की खोकतात तसे, वानर खेकसले. मग सारे जंगल गप्प झाले. पेन्सिल हातात ठरेना.

"झालं का नाही?" बाई कुजबुजल्या.

"एक दात राहिला."

"तुमच्या दातापायी त्याचे दात दिसतीन ना!"

बंगल्यावर परतल्यावर प्राध्यापकांनी चित्र उजव्या झडपेशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. "रेषा हलली आहे."

"हात हलत होता, सर. दात होते तसेच काढलेत."

"चित्रावर कोण विश्वास ठेवील? झडप पाहिल्याशिवाय मी मानणार नाही."

"चला, दाखवतो."

बाहेर तसेच वानर पुन्हा खेकसले, या वेळी कुंपणाजवळ. प्राध्यापकांनी टोपीकडे नेलेला हात मागे घेतला.

"नको," ते म्हणाले. "चित्र पुरे."

प्रजाती ठरली, जागाही राहिली. संग्रहालयात आज उजवी झडप आहे आणि डावीच्या खणात ते थरथरते चित्र. समुद्राच्या जिवाची डावी बाजू दरेकशाच्या जंगलात कशी, असे चित्राखालची चिठ्ठी वाचून विद्यार्थी विचारतात. मी खरे तेच सांगतो: भीतीने नेली.

विज्ञान शिकलेला माणूस आहे मी. तरी दरेकशाला जायचे असले की कामठ्याहूनच एक दगड खिशात टाकून निघतो.