अत्तर लावायला पुढे आलेले हात

बाळांनो, कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या कॉलेजच्या दोन मुलांचा खून झाला. खुनी आजवर सापडला नाही, पण गावाला तो रोज नवा सापडायचा. शेवटी पाळी आली माझ्याकडे भाड्याने राहणाऱ्या राळेगावच्या मुलीवर. ती त्यांच्याच वर्गातली आणि हातांवर ओरखडे, एवढाच पुरावा. बिचारी कॉलेज सोडून निघाली होती. मी तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत थांबवलं.

बायका जमल्या. शेजारीण म्हणाली, "काकू, तिचे हात पाहा न! म्हणते, सुटीत घरी कापूस वेचला. कॉलेजची पोरगी कापूस वेचते का कुठं?"

"आधी तुमचे हात पाहू द्या," म्हणत मी अत्तरदाणी घेतली. त्या वर्षी मजूर परवडत नव्हते, म्हणून चांगल्या घरच्या बायकाही गुपचूप वेचणीला जात. पुढे आलेल्या एकूण एक हातावर वाळल्या बोंडांचे तसेच ओरखडे होते.

"तुम्ही साऱ्या कोणाला मारून आल्या?" मी विचारलं.

"मले तं अत्तर झोंबून राह्यलं, माय!" एक म्हातारी ओरडली आणि सगळ्या हसत सुटल्या. शेजारणीनेच मुलीच्या हातावर तिळगूळ ठेवला.

मुलगी राहिली, आणि माझ्याच घरून परीक्षेला गेली.