निरंक कानवाडे

पिंप्राळ्यात माझी पिठाची गिरणी, आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या लोटननानाच्या डोक्यात गिरणा नदी. मी त्याला डिवचायचो, "नाना, माझी गिरणी निदान पीठ तरी देते. तुझी गिरणा काय देते रे?" तो म्हणायचा, "डोकेदुखी, तोताभाऊ."

लोटननाना मूळचा धुळ्याकडचा. जळगावात सरकारी नोकरी, हुद्दा आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा. माणूस एका जागी बसेल तर शपथ! चहा उभ्यानं, पेपर चालताना, आणि परातीतल्या पिठात बोटानं नदीची वळणं. "भाऊजी, यांना तुमच्या गिरणीच्या पट्ट्याला बांधा एकदा," असं पुष्पावहिनी मला कितीदा म्हणाल्या असतील. फक्त नकाशाच्या कागदावर पेन टेकला की हाच माणूस दगड व्हायचा. पंचवीस वर्षांत एकही खोटी रेघ मारली नाही, हे तो इतक्यांदा ऐकवायचा की मला जांभया यायच्या.

ब्याण्णव सालची गोष्ट. गिरणाकाठी कारखान्यांची वसाहत होणार, अशी हवा उठली. त्याआधी नदीकाठी पाणी, झाडं, वाळू, पिकं असं काय काय आहे ते नकाशात भरायचं काम नानाच्या कचेरीकडे आलं. गावात जाऊन विचारायचं, तक्ता भरायचा, तक्त्यावरून नकाशा. जिथे काही नाही तिथे तक्त्यात लिहायचं 'निरंक', आणि नकाशात ती जागा कोरी.

आता माझी करणी ऐका. नदीकाठचं कानवाडे ही माझी सासुरवाडी. तक्तेवाले येणार त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिथे होतो. ओट्यावर मंडळींनी विचारलं, "जवाई, हाई कसानी मोजनी शे?" मी तोंड गंभीर केलं आणि ठेवून दिली, "जे सांगाल त्यावर सरकारी कराची पट्टी बसणार. झाड सांगाल तर झाडावर, पाणी सांगाल तर पाण्यावर. बकरीला दोन शिंगं, तर दोन पट्ट्या!" सगळे हसले. मला वाटलं, हसले म्हणजे थट्टा कळली.

कळली कसली! नाना आला तेव्हा त्याला एका दिवसात नऊ गावं उरकायची होती. तो ओट्यावरच बसला, काठ उतरून खाली गेलाच नाही. आणि ज्याला विचारावं तो एकच सांगत होता, "आठे काईच नई शे, भाऊ." पाण्याच्या रकान्यात निरंक. पिकांच्या रकान्यात निरंक. अख्खं कानवाडे निरंक.

एप्रिलात भिकुबाईअक्कानं पाटीभर डांगरं पाठवली. अक्का म्हणजे माझ्या बायकोची चुलती. नदी आटायला लागली की ती वाळूत वेल लावते, आणि त्या वेलांना ही गोड खरबुजं, म्हणजे आमच्याकडची डांगरं, लागतात. शेजारीच हातभर उकरलं की पाणी पाझरतं, तो झिरा. उन्हाळाभर सगळं गाव झिऱ्याचंच पाणी पितं. मी एक फोड नानाच्या हातावर ठेवली.

"कुठलं हे?"

"कानवाड्याचं. नदीतलं, गावाच्या पिण्याच्या झिऱ्याशेजारचं."

त्याचं तोंड चावता चावता थांबलं. "कानवाडे निरंक आहे," तो म्हणाला.

"मग निरंक गोड आहे की नाही ते सांग!"

तो हसला नाही. बिया मुठीत धरून माझ्या अंगणात येरझारा घालत राहिला. मग बोलला. त्या कोऱ्या जागेवर साहेबांनी गुलाबी पेन्सिलीनं चौकोन आखला होता. कारखान्यांचं सांडपाणी साठवायचं तळं. नकाशा सोमवारी धुळ्याच्या कचेरीत जाणार होता. "मी ओट्यावर बसून नदी लिहिली, तोताभाऊ. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात घाण सोडायची ती माझ्या सहीनं."

"रविवारी कानवाड्याला चल, डोळ्यांनीच बघ," मी म्हणालो. पण माझ्या थट्टेबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

रविवारी माझ्या स्कूटरवर निघालो. मागे बसून नानाचे पाय असे हलत होते की स्कूटरला झोके बसत होते. अक्का नदीच्या वाळूत वेलांच्या मधोमध उभी होती, काखेत भलंमोठं डांगर. नाना तिच्याशी अहिराणीत बोलला.

"अक्का, आठे काय काय शे?"

"काईच नई शे, भाऊ."

"मंग हाई डांगर?"

"बजारम्हाईन आनं."

"आनि ह्या येल?"

"त्या आपसूक उगनात."

"आनि हाई पानी?"

पाण्याचा तांब्या तिनंच आत्ता झिऱ्यात बुडवून त्याच्या हातात दिला होता. तिनं तांब्याकडे पाहिलं. "ते घरनं शे."

मी खो खो हसलो. मग नानाकडे पाहिलं. तांब्या घेऊन तो वाळूत येरझारा घालायला लागला होता. मला बोलावंच लागलं. "अक्का, ती पट्टीची गोष्ट मी थट्टेनं केली होती. पट्टीबिट्टी काही नाही. यांना खरं सांग."

अक्कानं काखेतलं डांगर खाली ठेवलं. "जवाई, लगीनम्हा तुम्हना पाय धोयात ना आम्ही? ते पानी बी ह्याच झिरानं व्हतं."

नाना माझ्याकडे वळूनही पाहीना. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अक्का पुढे, नाना मागे, आणि सगळ्यांत मागे मी. ती बोट दाखवत एकेक नाव सांगत होती. हा सुईणीचा झिरा. हा जांभळीखालचा. हा गुरांचा. हा माझा डांगरमळा. नाना चालता चालता लिहीत होता, आणि ऊन डोक्यावर आलं तरी नावं संपत नव्हती.

सोमवारी साहेब म्हणाले, नकाशाच्या सूचीत विहीर आहे, तलाव आहे, झिरा नाही. सूचीत नाही त्याला खूण नाही. नाना दुपारच्या सुट्टीत गिरणीवर आला. मी सल्ला दिला, "विहिरीची खूण ठोक की. गोलच तर आहे!" मी गव्हात खडे मिसळले असावेत तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "खोटी रेघ मारायची नाही." दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा दारापर्यंत गेला, आणि तिथेच थबकला. "नावं! तोताभाऊ, जागांची नावं!"

डोह, घाट, टेकडी यांची नावं लिहिणं हे आरेखकाचंच काम. त्याला सूची लागत नाही की साहेबाची परवानगी. चारच्या आत त्यानं सुईणीचा झिरा, जांभळीखालचा झिरा, भिकुबाईचा डांगरमळा, सगळं बारीक अक्षरात लिहून काढलं. गुलाबी चौकोनात बोट टेकवायला जागा उरली नाही.

बारा दिवस नानानं आमच्या गल्लीची फरशी झिजवली. मग धुळ्याहून शेरा आला : 'नकाशात नावे आहेत, तक्ता निरंक आहे. समक्ष पाहणी करावी.'

"दोन्ही कागदांवर अक्षर माझंच," नाना म्हणाला. "आणि गावानं साहेबासमोर पुन्हा काईच नई म्हटलं तर?"

पाहणीच्या दिवशी मी जांभळीच्या आडोशाला उभा होतो. जीप काठावर थांबली. धुळ्याचे साहेब हातात तो निरंक तक्ता घेऊन खाली उतरले, मागे नाना, या पायावरून त्या पायावर.

"बाई, इथे काय आहे?"

अक्कानं साहेबांकडे पाहिलं. जीपकडे पाहिलं. मग जांभळीकडे, म्हणजे माझ्याकडे, इतका वेळ पाहिलं की मी खोडाच्या आणखी आड सरकलो. मग तिनं झिऱ्यात तांब्या बुडवला आणि साहेबांपुढे धरला.

"बठ्ठं शे." म्हणजे सगळं आहे! "पहिले पानी प्या, मंग लिखा."

साहेब तांब्याभर पाणी प्याले. तोंड पुसलं, पेन काढला, पहिल्या रकान्यातलं निरंक खोडलं आणि अडले. "झिरा कसा लिहितात हो?"

"पहिली वेलांटी, साहेब," नाना म्हणाला. साहेबांचा पेन कागदाला टेकला, आणि वाळूत उभ्या उभ्या आमचा नाना दगड झाला.