भीमेत सोडलेलं भांडण
पेटी उघडली की बायकोच्या पांढऱ्या लुगड्याला अजून नदीच्या गाळाचा वास येतो. दौंडला भीमेत तिनं बाप्तिस्मा घेतला, तवा मी टॉवेल धरून काठावर उभा होतो. पाळक म्हणले, "जुनं सगळं हितंच सोडा, ताई," आन् तिला बुडवून वर काढलं. ती निथळत थेट बघायला आलेल्या जावेकडं गेली. बांधापायी भावाच्या घराशी आमचं बोलणं बंद होतं. तिनं जावेला मिठी मारली. मी म्हणलो, "मला इचारलं का?" "तुमचं तुम्ही सांभाळा, माझं पाण्यात गेलं," म्हणून हसली. मला तिचा हेवा वाटला. आता ती न्हाई. रोज सकाळी बांधापलीकडं भाऊ खोकतो, ते ऐकत मी तिचा हेवा करत बसतो.