रशियात जायला नको होतं

दुसरं महायुद्ध आमच्या जेवणाच्या टेबलावर महिन्यातून एकदा तरी व्हायचंच. अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये शनिवारी पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं, की जेवणानंतर बायका भांडी आवरायला उठायच्या आणि पुरुष पोलंडवर चाल करायला बसायचे. पोलंड म्हणजे मिठाची डबी. इंग्लंड म्हणजे काकडीच्या कोशिंबिरीचं भांडं, त्यात पाणी फार म्हणून. आणि मसालेभाताचा भला मोठा ॲल्युमिनियमचा ट्रे, जो कितीही वाढला तरी संपायचा नाही, तो रशिया. रणगाडे म्हणजे माझे चमचे.

या युद्धाचा सेनापती आमच्या मराठी ग्रुपमधला एक गृहस्थ होता. मूळचा पुण्याचा, वय बावन्न, इथे एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळायचा. ग्रुपमध्ये सगळ्यात मोठा, म्हणून त्याच्यासमोर मी भाऊजी म्हणून अहो-जाहो करायची. इथे करणार नाही. या माणसाने आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती, उंदीर मारायचा तर बायकोला हाक मारायची. पण लहानपणापासून युद्धाची जाडजाड पुस्तकं वाचलेली, त्यामुळे कोणत्या रणगाड्याला किती इंच जाडीचा पत्रा होता, ते तोंडपाठ. जानेवारीत पहिला बर्फ पडला की हा घरूनच काम करतो म्हणून ऑफिसला ईमेल टाकायचा, गाडीवरचा बर्फ खरवडायला बायकोला धाडायचा, आणि रशियातल्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने काय करायला हवं होतं ते आम्हाला सांगायचा.

सुरुवात नेहमी व्हर्सायच्या तहापासून. पहिल्या युद्धानंतर जर्मनीवर कसा अन्याय झाला, कसे लचके तोडले, कशी नाचक्की केली, हे तो इतक्या कळवळ्याने सांगायचा की वाटावं, याच्या काकांची सदाशिव पेठेतली जागाच कुणी बळकावलीय. मग यायचा तो मिशीवाला हुकूमशहा. त्याचं नाव मी इथे घेणार नाही. आमच्या घरात ते इतक्या लाडाने घेतलं गेलंय की मला त्याची शिसारी बसली. सेनापती त्याच्याबद्दल एकेरीत बोलायचा, शाळेत एका बाकावर बसल्यासारखा. काय डिसिप्लिन, काय रस्ते बांधले, काय ऑर्गनायझेशन, आपल्याकडे असा एक दहा वर्षांसाठी पाहिजे होता यार. मग पोलंड पडायचं, फ्रान्स पडायचं, डंकर्कला इंग्रज थोडक्यात सुटायचे, आणि सेनापती मसालेभाताच्या ट्रेकडे बोट करून उसासा टाकायचा. एकच चूक, म्हणायचा. रशियात जायला नको होतं.

सगळे माना डोलवायचे. माझा नवरा सगळ्यात जास्त. जावयाचा धंदा बुडाला की सासुरवाडीच्या लोकांचे जसे चेहरे होतात, तसे यांचे चेहरे व्हायचे. एवढी एक गोष्ट त्याने यांना विचारून केली असती, तर आज गोष्टच वेगळी असती.

गंमत म्हणजे त्या सुमाराला टीव्हीवर खरंखुरं युद्ध चालू होतं. इराकचे नकाशे, त्यावर बाण, रोज संध्याकाळी. त्याबद्दल मात्र हे वीर चकार शब्द काढायचे नाहीत. कुणी विषय काढलाच तर आवाज खाली, खिडकीकडे नजर, आणि जाऊ दे ना यार, आपल्याला काय करायचंय. ग्रीन कार्ड यायचं होतं ना सगळ्यांचं. साठ वर्षांपूर्वीच्या लढाईत मात्र यांच्या तलवारी म्यानात राहायला तयार नसायच्या.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या समोरच्या दारात एक म्हातारी राहायची, आणि तिच्याशिवाय माझं अमेरिकेत पान हलत नव्हतं.

पंचाहत्तरीची, एकटी, बारीक चणीची. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं कॉन्ट्रॅक्ट धरलं तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची होती. शाळा सुटल्यावर तिला कुठे ठेवायचं या विचाराने माझी झोप उडालेली, आणि म्हातारीने आपण होऊन सांगितलं की माझ्याकडे येऊ दे. पोरगी बसमधून उतरली की सरळ समोरच्या दारात. तिथे दूध, बिस्किटं, होमवर्क. पोरीने तिला आजी म्हणायला सुरुवात केली, मग म्हातारीने अर्थ विचारला, आणि तेव्हापासून दार वाजलं की ती आतून म्हणायची, आजी इज हियर. मला गाडी शिकवली तिने. फोनवर टेलिफोन कंपनीशी भांडायचं कसं तेही तिनेच शिकवलं. या देशात आमच्या ग्रुपबाहेरचं माझं म्हणावं असं तेवढंच एक दार होतं.

ती मूळची जर्मनीची, हे मला माहीत होतं. लहानपणी तिला एकटीलाच आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं, तिथून ती इकडे आली. एकदा बेसमेंटमध्ये कपड्यांच्या मशीनपाशी चादरीची दोन टोकं धरून आम्ही घड्या घालत होतो, तेव्हा तिने सांगितलं होतं की आई तिकडेच राहिली. मी मान हलवली. मला काय वाटणार? आम्हा सगळ्यांच्याच आया तिकडे राहिलेल्या. मी तिला माझ्या आईचं ब्लडप्रेशर सांगत बसले.

पोरगी सहावीत गेली आणि शाळेने प्रोजेक्ट दिलं. दुसरं महायुद्ध कशामुळे झालं आणि कसकसं घडत गेलं, हे तीन घड्यांच्या पुठ्ठ्यावर मांडायचं आणि वर्गासमोर उभं राहून सांगायचं. माझ्या नवऱ्याला आनंद झाला. एरवी पोरीच्या शाळेचा कागद आला की तो माझ्याकडे सरकवायचा, हा मात्र स्वतःकडे ठेवला. अगं, आपल्याकडे एक्सपर्ट आहे ना घरचा, म्हणाला, आणि सेनापतीला फोन लावून पोरीच्या हातात दिला. दोन रविवार सेनापती जातीने आला. चहा ढोसत, चकल्या फोडत त्याने तो पुठ्ठा भरून घेतला. डाव्या बाजूला व्हर्सायचा अन्याय. मधे युरोपचा नकाशा, त्यावर लाल रिबिनीचे बाण. उजवीकडे रशिया, तिथे बर्फ म्हणून कापूस चिकटवलेला. आणि वर मोठ्या अक्षरांत मथळा, एकच चूक. मी कामावरून शिणून आलेली असायची. नकाशा छान झालाय, एवढंच म्हटलं.

त्या गुरुवारी मी आले तेव्हा समोरचं दार उघडंच होतं. पोरगी आजीच्या गालिच्यावर पुठ्ठा उभा करून बोलून दाखवत होती. पुढच्या आठवड्यात वर्गात बोलायचं, त्याची प्रॅक्टिस. म्हातारी खुर्चीत, हात मांडीवर. मी चपला काढून दारातच थांबले. पोरगी खणखणीत बोलत होती. तो उत्तम ऑर्गनायझर होता. त्याने लोकांना काम दिलं, शिस्त दिली. तो जिंकतच चालला होता, पण मग त्याने एक चूक केली. सेनापतीचा उसासासुद्धा तिने तस्साच्या तस्सा उचलला होता. तोवर ते भाषण मी इंग्रजीत ऐकलं नव्हतं, आणि कुठल्या घरात उभं राहून ऐकतेय ते मला फार उशिरा उमगलं.

म्हातारीने मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर तिने विचारलं, "ती चूक कोणत्या वर्षी झाली?"

"एकेचाळीस साली, आजी. रशियात जायला नको होतं."

"माझ्या आईला त्यांनी त्याच्या आदल्या वर्षी घरातून उचललं," म्हातारी म्हणाली. "छावणीत ती एक हिवाळासुद्धा काढू शकली नाही. म्हणजे ती चूक होण्याआधीच गेली. ती तुझ्या पुठ्ठ्यावर कुठे येते?"

आवाज चढवला नाही, काही नाही. खरंच विचारल्यासारखं विचारलं. पोरगी पुठ्ठ्याकडे बघायला लागली. डावीकडून उजवीकडे सगळं शोधलं तिने, कापसापर्यंत. मग माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पार उतरला. काकांनी सांगितलं, म्हणाली, बाबांच्या फ्रेंडने. म्हातारी उठली, मला आज थकल्यासारखं वाटतंय म्हणाली, आणि दार लावून घेतलं. पुठ्ठा आतच राहिला.

शुक्रवारी पोरीने तिथे जायला नकार दिला. तोंड कसं दाखवू, असं इंग्रजीत म्हणाली आणि पांघरुणात शिरली. मी हाफ डे टाकला. नवऱ्याला आदल्या संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, पुठ्ठा आणावा लागेल, नाहीतर ग्रेड जाईल. मी म्हटलं, तू आण. तो म्हणाला, मी कसा जाणार?

शनिवारचं पॉटलक नेमकं आमच्याकडे. जेवणं झाली आणि सेनापतीने मिठाची डबी पुढे ओढली. मी भांडी आवरत होते. ती ठेवली आणि सगळ्यांसमोर, पदर खोचून म्हणतात तसं, गुरुवारी काय झालं ते सांगितलं. म्हातारीचं वाक्यही तिच्याच शब्दांत सांगितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. कसलं काय. त्याने दातात अडकलेला जिऱ्याचा कण जिभेने काढला आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागला. बरोबर आहे वहिनी, त्यांच्या भावना असणार. पण इतिहास ऑब्जेक्टिव्हली बघावा लागतो. आपण स्ट्रॅटेजीबद्दल बोलतोय, तो विषय वेगळा. असं करा, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात ज्यूंवर एक छोटी चौकट टाका, म्हणजे बॅलन्स होईल.

कोपऱ्यात! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्याच्या समोरचा रशिया उचलला, इंग्लंड उचललं, पोलंडसुद्धा सोडलं नाही, आणि सगळं सिंकमध्ये नेऊन ठेवलं. चमचे गोळा केले. टेबलावर ओला फडका फिरवला, त्याच्या कोपराखालूनही. सेनापती कोपर उचलून बसून राहिला. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने एवढंच म्हणायचं होतं, की आता पुरे. एवढंच. तो फ्रिजमधून कोण कोक घेणार म्हणून विचारत होता.

लोक लवकर गेले त्या दिवशी. जाताना सेनापती नवऱ्याला हळूच म्हणाला, टेन्शनमध्ये दिसतात वहिनी, जॉबचं वगैरे काही आहे का?

सोमवारी मी पुन्हा लवकर निघाले. पोरगी बसमधून उतरली, तिचा हात धरला आणि समोरच्या दारापाशी उभी राहिले. उघडलं नाही तर पोरीला कुठे ठेवायची, हा प्रश्न होताच, पण खरं सांगायचं तर तो मोठा नव्हता. डे-केअर मिळालं असतं. ते दार बंद झालं असतं तर मला या देशात कुणी नव्हतं. मी बेल दाबली. बराच वेळ काही नाही. मग साखळी निघाल्याचा आवाज आला.

म्हातारीने आधी पोरीकडे पाहिलं. पोरगी सॉरी म्हणणार तेवढ्यात तिने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत दूध काढून ठेवलंय म्हणाली. आतमध्ये पुठ्ठा टेबलावर आडवा घातलेला दिसला. आपण तो पहिल्यापासून करू, ती म्हणाली, शाळेतून एक दिवस जास्त मागून घे. पोरगी माझा हात सोडून आत पळाली. मला हुश्श झालं, डोळे भरून आले. मी आत पाऊल टाकणार, तर म्हातारी दारातच उभी होती. हलली नाही.

"ती अकरा वर्षांची आहे," ती म्हणाली. "तिला शिकवणारा तो माणूस किती वर्षांचा?"

"बावन्न," मी म्हटलं.

तिने हात असा झटकला, विषय संपल्यासारखा. बावन्न वर्षांच्या माणसावर तिला वेळ घालवायचा नव्हता. मग म्हणाली, "आणि तुझा नवरा?"

"एकोणचाळीस."

तिने थोडा विचार केला. "त्याला पाठव," म्हणाली. "पोरीला सांगणार आहे ते त्यालाही सांगेन."

मी घरी येऊन निरोप दिला. नवऱ्याने तो शांतपणे ऐकला. वाईट वाटलं होतं त्याला, ते दिसत होतं. जातो ना, म्हणाला, जायलाच पाहिजे. मग त्याने लॅपटॉप उघडून कॅलेंडर बघितलं. या आठवड्यात ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, म्हणाला, पुढच्या बुधवारी चालेल का त्यांना?

मी पुन्हा जाऊन विचारलं. तिने कोणताही बुधवार चालेल म्हणून सांगितलं. त्यानंतर आम्ही त्या बिल्डिंगमध्ये आणखी चार वर्षं समोरासमोर राहिलो, आणि तो एकदाही गेला नाही.